आधी त्यानं म्हणावं

खाणीचा ट्रक आला की बेलाईदच्या घरातलं बोलणं थांबायचं. बोलणारा तोंड उघडं ठेवून बसायचा, ऐकणारा छताकडे बघायचा, फडताळातल्या बश्या खणखणायच्या, आणि ट्रक वळणापलीकडे गेला की अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू व्हायचं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना याचं हसू येई. आम्हा इघिलकरांना त्यात काहीच वेगळं वाटत नसे. डोंगराच्या धारेवरचं आमचं गाव इघिल, मधून एकच रस्ता, आणि त्याला दोन्हीकडून खेटून घरं. खाण वरच्या अंगाला, मोठा महामार्ग खाली दरीत. त्यामुळे खडीने भरलेले ट्रक दिवसभर लोकांच्या उंबरठ्यांना घासत उतरायचे.

त्या दिवशी सकाळी ताऊसने, म्हणजे बेलाईदच्या बायकोने, कॉफीचे पेले आणून ठेवले आणि वरून भिंतीचा गिलावा त्यात पडला.

"बघा," ती म्हणाली, "आता घर कॉफीत बुडायला लागलं."

"बायपास झाला की थांबेल हे," पेल्यातला गिलावा बोटाने काढत बेलाईद म्हणाला.

"होईल? कोण करणार? तुमचं नाक करणार?"

तेवढ्यात पुढचा ट्रक आला, ते बेलाईदच्या पथ्यावरच पडलं.

तसा बायपास झालेलाच होता म्हणा ना! वरून एक काळाकुळकुळीत रस्ता गावाला वळसा घालत यायचा आणि ऑलिव्हच्या एका बागेशी येऊन थांबायचा. खालून दुसरा चढत यायचा, तोही त्याच बागेच्या दुसऱ्या कडेला येऊन थांबायचा. मधे राहिला होता हाकेच्या अंतराचा तुकडा. इतकं छान डांबर वाया कशाला घालवा म्हणून बायका त्यावर अंजीर वाळत घालायच्या. लग्नाची वरात निघाली की नवरा-नवरीला तिथे नेऊन फोटो काढायचे, कारण सगळ्या तालुक्यात एवढा गुळगुळीत रस्ता दुसरा नव्हता. त्याच्यावर फक्त वाहनं चालत नव्हती.

त्या तुकड्यातली जमीन बेलाईदची होती आणि झाडं त्याच्या मेव्हण्याची, अकलीची. आमच्याकडे असं असतं. कुणा पणजोबाने कधीतरी कुणाला झाड दिलं, माती मात्र स्वतःकडे ठेवली. पुढे दोन्ही घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या सावलीत आणि मातीत ये-जा करत राहतात. बहुतेक वेळा गोडीने राहतात. पण वीसेक वर्षांपूर्वी एका वादळात अकलीच्या झाडांखाली ऑलिव्हचा सडा पडला. पडलेली फळं झाडवाल्याची की जमीनवाल्याची, यावरून दोघांचं भांडण झालं. फळं तिथेच कुजली. दोघांचं बोलणं जे तुटलं ते तुटलंच.

बांधकाम खात्याने दोघांचीही संमती मागितली होती. खात्याच्या हाती कायदा होता, जोर होता, पण साहेब म्हणाले, "ऑलिव्हच्या झाडांमधे पोलीस घुसवायचे नाहीत मला. तुमच्याकडे ते काय होऊन बसतं, मला ठाऊक आहे. तुम्ही आपसात मिटवा."

मिटवणार कसं? अकली आपल्या तेलाच्या घाण्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आधी जमीनवाल्यानं हो म्हणावं. माझी झाडं काय हवेत उभी आहेत?" हे वाक्य रस्ता ओलांडून बेलाईदच्या पावाच्या दुकानात पोचायचं. बेलाईद पाव मोजता मोजता म्हणायचा, "झाडं उचलल्याशिवाय मी माती काय चाळणीने काढून देऊ? आधी त्यानं म्हणावं." हे वाक्य परत घाण्यावर जायचं. जो माणूस तेल घ्यायला जाई तो पाव घेऊन येताना हा निरोप फुकट पोचवी.

आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, दुर्दैवच ते, की दोघांनाही बायपास हवा होता! मग अडलं कुठे? अडलं ते एका साध्या हिशेबात. जो आधी हो म्हणेल तो वाडवडिलांची इस्टेट विकणारा ठरणार. जो नंतर म्हणेल तो गावासाठी मन मोठं करणारा. पहिल्याला लोक नावं ठेवणार, दुसऱ्याला दुवा देणार. अशा वेळी पहिलं कोण होईल?

बेलाईदची धाकटी बहीण घनीमा ही अकलीची बायको. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे, वळणावर. भावाकडे यायचं म्हणजे तिला तो रस्ता ओलांडावा लागे. भाऊ कधी पलीकडे जात नसे. एका दुपारी ती दुकानात आली, ओढणीने तोंडावरची धूळ पुसली आणि पिठाच्या पोत्यावर ऐसपैस बसली.

"दा, एक विचारू?"

"नाही म्हटलं तर विचारणार नाहीस का?"

"ईदला तू माझा मांसाचा वाटा पाठवतोस. ताऊस आणून देते. दर वर्षी मांस येतं, भाऊ येत नाही. अरे, मांस तर मला कसाईही देतो!"

"तुझ्या नवऱ्याच्या उंबऱ्यावर मी..."

"उंबरा माझाही आहे. बरं, ते जाऊ दे. माझा नवरा काल म्हणाला, 'घेऊन जाऊ देत ती झाडं, माणसांच्या जिवापेक्षा का मोठी आहेत?' आणि तू ताऊसला काय म्हणालास तेही मला कळलंय."

"या ताऊसच्या तोंडाला ना..."

"नावं ठेवू नकोस. तिच्या तोंडामुळेच तुमचं नातं शिल्लक आहे. दा, तुझ्या मनात हो आहे. त्याच्या मनात हो आहे. मग हा हो काय लोणच्यासारखा मुरायला घातलाय?"

बेलाईद हसला, पण लगेच पाव रचायला वळला. "घनीमा, तुला नाही कळायचं. मी आधी बोललो तर उद्या गावसभेच्या चौथऱ्यावर लोक म्हणतील, बेलाईद वाकला."

"लोक!" ती उसळली. "लोक कोण? आपणच ना? या दारासमोरून रोज जीव मुठीत धरून जातात, तेच ना लोक? दा, वाकलास म्हणतील चार दिवस. म्हणू दे! पाचव्या दिवशी तेच लोक तुझ्या जमिनीवरून सुखाने गाडी हाकतील. तुला मोठेपणा हवा ना? मग आधी बोलण्याइतका मोठेपणा दुसऱ्या कशात आहे, सांग मला!"

हे सगळं बेलाईदला पटत होतं. पटणं आणि करणं यांच्यामधेही एक हाकेच्या अंतराचा तुकडा असतो, आणि तिथेच आम्ही सगळे अडकतो.

तेवढ्यात निकड आली. रस्त्याचा तरुण इंजिनिअर गावाचा मुखिया लूनास याच्याकडे आला आणि म्हणाला, "काका, महिनाअखेरीपर्यंत तुकडा मोकळा झाला नाही तर माझी यंत्रं पलीकडच्या खोऱ्यात जातील. तसा वरून हुकूम आहे. एकदा गेली की मी परत आणू शकणार नाही." लूनासने ही गोष्ट दोन्ही घरी सांगितली. दोन्ही घरी तेच उत्तर मिळालं.

तेव्हा घनीमाने तोडगा काढला. तो लूनासला सांगितला, नवऱ्याला सांगितला, भावाला सांगितला. शुक्रवारी नमाजानंतर गावसभेत दोघांनी समोरासमोर उभं राहायचं. लूनास तीन आकडे म्हणेल. तीन म्हणताच दोघांनी एकदम हो म्हणायचं! ना कुणी आधी, ना कुणी नंतर.

"पोरांच्या शर्यतीसारखं?" अकली घरी कुरकुरला.

"पोरांसारखं भांडता येतं, मग पोरांसारखं मिटवताही येईल," घनीमा म्हणाली.

शुक्रवारी सभेचा चौथरा भरून गेला. दगडी बाकांवर जागा मिळेना. बायका आमच्याकडे सभेत बसत नाहीत. त्या पाण्याच्या टाकीजवळ उभ्या राहिल्या, आणि घनीमा सगळ्यांच्या पुढे. बेलाईद इस्त्रीचा सदरा घालून आला होता. अकलीने दाढी केली होती. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले.

लूनास म्हणाला, "अल्लाचं नाव घेऊन. एक. दोन. तीन."

चौथऱ्यावर शांतता पसरली.

झालं काय, की बेलाईदने तोंड उघडलं होतं. पण त्याच्या मनात आलं, त्याचा आवाज सुरू होऊ दे, मग मी लगेच मिसळतो. आणि अकलीच्या मनातही नेमकं तेच आलं! दोघंही तोंड उघडं ठेवून दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघत उभे राहिले.

"पुन्हा म्हणतो," लूनासने घाम पुसला. "एक. दोन. तीन."

या वेळी दोघांनीही घसा खाकरला, तेवढंच. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. बस्स! ते हसू अकलीच्या जिव्हारी लागलं. त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली आणि म्हणाला, "तमाशा दाखवायला आलो नाही मी." आणि तो चालू लागला. बेलाईदही उलट दिशेने निघाला. चौथऱ्यावर एवढी माणसं होती. एकानेही उठून दोघांचे हात धरले नाहीत. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आधी आपण कशाला बोला, असं प्रत्येकाला वाटलं. म्हणजे रोग काही दोघांनाच नव्हता, तो आम्हा सगळ्यांनाच होता.

घनीमा त्या संध्याकाळी दुकानात आली. बसली नाही.

"दा, त्याचा मला राग आला. तुझी मात्र लाज वाटली, कारण तू माझा भाऊ आहेस," एवढंच म्हणून ती परत गेली.

महिनाअखेरीला यंत्रं गेली. रोड रोलर, डांबराची गाडी, खडी पसरायचं यंत्र, सगळी रांगेने गावातल्याच रस्त्याने खाली उतरली. लोक दारात उभे राहून बघत होते. कुणी त्यांना थांबवलं नाही.

मग ऑलिव्ह उतरवायचे दिवस आले. अकलीच्या घाण्यावर नवं तेल निघालं, हिरवंगार, घशाला झोंबणारं. पहिल्या धारेचं तेल त्याने एका बरणीत भरलं आणि बायकोपुढे ठेवलं.

"तुझ्या भावाला नेऊन दे. मी दिलं म्हणून सांगू नकोस."

"मग कुणी दिलं म्हणू? घाण्याच्या गाढवानं?"

"म्हण काहीही," तो पुटपुटला. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते घनीमाला दिसलं. खूप दिवसांनी ती हसली. बरणी ओढणीखाली घेऊन ती निघाली. रस्ता पावसाने ओला होता. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, रोज पाहायची तसंच. वळणाआडच्या ट्रकचे ब्रेक लागत नव्हते, ते कुणाला दिसणार!

ट्रक बेलाईदच्या दुकानाच्या भिंतीवर आदळून थांबला. घनीमा भिंत आणि ट्रक यांच्या मधे होती. बेलाईदने आतून दार ढकललं तर दार उघडेना. तो ओरडत राहिला, आणि बाहेरून त्याची बहीण त्याला सांगत होती, "दा, ओरडू नकोस. आहे मी. आहे."

ती वाचली. पाय गेले.

जिल्ह्याच्या इस्पितळात शस्त्रक्रिया चालली होती तेव्हा बाहेरच्या बाकावर एका टोकाला बेलाईद बसला होता, दुसऱ्या टोकाला अकली. बराच वेळ दोघं समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आणि मग अचानक, अगदी एका श्वासात, दोघांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडला.

"हो!"

"घेऊ देत माती," बेलाईद रडत म्हणाला.

"झाडं मी स्वतः तोडतो," अकली म्हणाला.

शेजारून जाणारी नर्स म्हणाली, "आवाज कमी करा. इथे पेशंट आहेत." तिला काय ठाऊक, ती कशाची साक्षीदार झाली! ज्या शब्दासाठी सारं गाव तिष्ठत होतं तो शब्द शेवटी औषधांच्या वासात, रिकाम्या बोळात उच्चारला गेला. ऐकायला लूनास नव्हता, इंजिनिअर नव्हता. आणि जी इतकी धडपडली, ती बेशुद्ध होती.

दोघं तसेच बांधकाम खात्यात गेले. साहेबांनी बसायला सांगितलं, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फार वाईट झालं. पण आता त्या कामाचा निधी परत गेला. ठेकेदार दुसऱ्या कामावर आहे. आता नवी मागणी, नवी मोजणी, नवी मंजुरी."

"पण आम्ही दोघंही हो म्हणतोय, साहेब! दोघंही!"

"ऐकलं मी," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज कडू नव्हता, ते जास्त लागलं. "हे मागच्या महिन्यात म्हणाला असतात तर आज तिथे रस्ता असता."

आठवड्याने अकलीने कुऱ्हाड घेतली. पणजोबांच्या हातची झाडं होती ती. पहिला घाव घालताना त्याने तोंड फिरवलं. बेलाईदने मुळं खणली. पुढे गावातली माणसंही आली, न बोलावता आली, फावडी घेऊन आली. दगड वेचले, खड्डे बुजवले, तुकडा तळहातासारखा सपाट केला. आता खात्याला करायचं ते काय, नुसतं डांबर ओतायचं! लूनासने तसं कळवलं. पुन्हा कळवलं. साहेब बदलले, नव्या साहेबांना कळवलं.

यंत्र आलं नाही. वसंतात त्या सपाट मातीत लाल फुलं आली, मग ती सुकली. आज दोन्हीकडच्या डांबराला भेगा पडल्यात आणि त्यांतून काटेरी झुडपं वर आलीत. झाडंही नाहीत आणि रस्ताही नाही. ट्रक अजून गावातूनच जातात. बेलाईदच्या दुकानाची भिंत नवी बांधली आहे, तेवढाच काय तो बदल.

आता बेलाईद रोज रस्ता ओलांडून बहिणीकडे जातो. अकली दार उघडतो, "या, दा," म्हणतो, दोघं मिळून घनीमाला उचलून खिडकीपाशी बसवतात. ती कधी त्यांच्यावर चिडत नाही. चिडली असती तर दोघांनाही बरं वाटलं असतं.

परवा गावसभेत खालच्या आळीच्या पाण्याच्या पाइपाचा विषय निघाला. पाइप दोन अंगणांतून न्यायचा होता. दोन्ही अंगणांचे मालक समोर बसले होते, आणि दोघंही आपापल्या बुटांकडे बघत होते. चौथऱ्यावर तीच जुनी शांतता पसरू लागली. तेव्हा बेलाईद उठला. त्याचं अंगण त्यात नव्हतं, त्याला बोलायचं काही कारण नव्हतं.

"भावांनो," तो म्हणाला, "माझी बहीण बघा आणि मग गप्प बसा! मी आधी बोललो तर लहान होईन, या भीतीने मी गप्प बसलो. एक शब्द होता, तोंडात तयार होता, आणि मी तो गिळला. त्याची किंमत मी नाही दिली, तिने दिली. आपला मान आपण सांभाळतो आणि पाय दुसऱ्याचे जातात, असला मान काय कामाचा? ज्याच्या मनात हो आहे त्याने आत्ता म्हणावं. कुणी हसलं तर मी बघून घेतो!"

कुणी हसलं नाही. एका अंगणवाल्याने मान वर केली आणि म्हणाला, "माझ्याकडून हो." दुसरा मात्र विचार करून सांगतो म्हणाला. पाइप अजून आलेला नाही.

बेलाईदने हे सगळं जाऊन घनीमाला सांगितलं. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती.

"आधी बोललास?"

"सगळ्यांच्या आधी."

"मग? लहान झालास का रे?"

"नाही."

"नाक आहे ना जागेवर?"

"आहे."

"मग तेव्हा कशाला भ्यालास, दा?"

बेलाईद तिच्या पायांच्या जागी पसरलेल्या चादरीकडे बघत राहिला. अकली उठून आत गेला.

वाचकहो, तुमच्या गावात, तुमच्या सोसायटीत, दोन भावांच्या घरांत असा एखादा तुकडा राहून गेला असेल. तिथेही दोन्हीकडे हो तयार असेल आणि दोघंही दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघत असतील. कृपा करून वाट बघू नका! तुमचा हो तुम्ही आधी म्हणा, आजच म्हणा. कारण तुम्ही दोघं गप्प उभे असता तेव्हा तुमच्या मधला रस्ता कुणीतरी ओलांडत असतं.